सीडी ४०५३: यांत्रिक टीव्हीच्या मिक्सरसाठी घ्यावी का?

घ्यावी. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर एका वडापावच्या आसपासच्या पैशात मिळणारी ही १६ पायांची, इलेक्ट्रॉनिक स्विचांची आयसी छिद्रांच्या फिरत्या तबकडीवर चालणाऱ्या ३२ ओळींच्या टीव्हीचं मिक्सिंग (दोन चित्रं एकमेकांत मिसळणं) जवळजवळ एकटी सांभाळते. सोबत एक टीएल ०७४ लागते (चार ऑप-अँपची आयसी, इथे चार बफर म्हणून, म्हणजे सिग्नल न बदलता पुढे देण्यासाठी), बाकी किरकोळ.

इथे सेकंदाला साडेबारा चित्रं आणि ४०० ओळी असतात. म्हणजे एक ओळ २.५ मिलिसेकंदांची आणि अख्खा सिग्नल ऑडिओच्या टप्प्यात. म्हणून पहिला मोह होतो तो गाण्याचा साधा मिक्सर वापरायचा. तो फसतो. त्याच्या आतले कपलिंग कपॅसिटर (स्थिर व्होल्टेज अडवणारे) काळ्याची पातळी धरून ठेवत नाहीत आणि फेडर खाली ओढला की चित्राबरोबर सिंकही (ओळ कुठे सुरू होते ते सांगणारी पल्स) विरतो, मग पडद्यावरचं चित्र सुटून सरकायला लागतं. दोन्ही चॅनेलचा काळा एका जागी बांधायचा, मिसळायचं फक्त चित्र आणि सिंक शेवटी कोरा घालायचा, हा खरा मार्ग. त्याला तीन स्विच लागतात आणि ४०५३ मध्ये नेमके तीनच आहेत.

पहिले दोन स्विच क्लॅम्पसाठी, म्हणजे काळा एका जागी बांधण्यासाठी. फोटोसेलच्या (उजेडाचा सिग्नल करणाऱ्या सेलच्या) प्रवर्धकातून येणारा सिग्नल ०.१ मायक्रोफॅरडच्या पॉलिएस्टर कपॅसिटरमधून टीएल ०७४ च्या बफरवर न्यायचा आणि त्याच सांध्यावर पिन १४ जोडायची (दुसऱ्या चॅनेलला १५). पिन १३ आणि १ वर ०.३ व्होल्ट द्यायचे: ५ व्होल्टपासून ४.७ के, खाली ३०० ओहम, त्याला समांतर १० मायक्रोफॅरड. पिन १२ आणि २ मोकळ्या. सिंकची पल्स पिन ११ आणि १० वर आली की दर ओळीला काळा ०.३ वर येऊन बसतो. बफरच्या इनपुटला सवयीने १ मेगओहम लावू नका. लावलात तर ओळ संपेपर्यंत पातळी अडीच टक्के घसरते आणि चित्राची एक कड मळकट दिसते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही नको, तो गळतो.

दोन्ही बफरांच्या मध्ये १० केचं पॉट (फिरवून बदलायचा रोध), त्याचा मधला पाय तिसऱ्या बफरला. पॉटवर बी१०के छापलेलं बघून घ्या, ते लिनियर. ए लिहिलेलं आवाजासाठी असतं आणि त्यावर मिसळण एका टोकाला गोळा होतं. चित्र काळ्यात विरवायचं असेल तर पॉटच्या एका टोकाला दुसऱ्या चॅनेलऐवजी तेच ०.३ व्होल्ट द्या.

तिसरा स्विच सिंक घालतो. पिन ५ वर मिसळलेलं चित्र, पिन ३ जमिनीला, पिन ४ मधून बाहेर, हुकूम (स्विच फिरवणारी सिंकची पल्स) पिन ९ वर. तिथून १ के आणि १० नॅनोफॅरडची गाळणी (फिल्टर), मग चौथा बफर. स्विचिंगचे काटे तिथेच मरतात. सिंक ०, काळा ०.३, पांढरा १ व्होल्ट. चित्राची सुरुवात दाखवायला या ३२ ओळींच्या मानकात एक पल्स वगळतात. ती एक पल्स वगळलेली माळ फक्त पिन ९ ला द्या, क्लॅम्पला सगळ्या ३२ पल्स हव्यात.

आता तक्रारी. पिन ७ जमिनीला जोडायची चूक सर्रास होते. तिला उणे ५ व्होल्ट हवेत, नाहीतर शून्याखाली जाणारा सिग्नल आतल्या डायोडमध्ये कापला जातो. पिन ६ तरंगती सोडली तर स्विच मनाला येईल तेव्हा बंद पडतात. ती जमिनीला जोडा. ५ व्होल्टवर चालताना हिला ३.५ व्होल्टचा हुकूम लागतो, म्हणजे ईएसपी ३२ या मायक्रोकंट्रोलरच्या ३.३ व्होल्टवर भरवसा नाही. तिथे ७४एचसीटी ४०५३ घ्या, पायांची मांडणी तीच. ४०६६ या चार स्विचांच्या आयसीच्या वाटेला जाऊ नका: तिला उणे पुरवठ्याचा वेगळा पाय नाही आणि उलटा हुकूम वेगळा बनवावा लागतो. सिग्नलमधून सिंक वेगळा काढणारी एलएम १८८१ ही नेहमीच्या टीव्हीच्या ६४ मायक्रोसेकंदांच्या ओळींसाठी बनलेली, इथे निरुपयोगी.

आयसीच्या माथी मारला जाणारा एक दोष मात्र तबकडीचा असतो. चित्रात ओळीगणिक वेगळ्याच छटेचे पट्टे आले तर सिंकची पल्स उजेडात पडते आहे, आणि क्लॅम्प कॅमेऱ्यासमोरच्या माणसाच्या कपाळालाच काळा समजतो आहे. तबकडीपाशी चित्राची चौकट ठरवणारा झरोका दोन छिद्रांमधल्या अंतरापेक्षा सुमारे ८ टक्के अरुंद करा, म्हणजे ०.२ मिलिसेकंद अंधार मिळतो. सिंकची पल्स देणारी तबकडीवरची खाच त्या अंधारात बसवा. आठ स्थिर किंवा हळू सरकणारे पट्टे दिसले तर तो खोलीतल्या दिव्याचा १०० हर्ट्‌झ. चार दिसले तर वायरिंगमध्ये घुसलेला ५० हर्ट्‌झ.

दोन स्रोत एकाच तालात नसतील तर कुठलाच मिक्सर कामाचा नाही. एकाच तबकडीवर समोरासमोर दोन कॅमेरे लावायची युक्ती सुचते, पण दुसरं चित्र १६ ओळींनी सरकतं आणि उलटंही होतं. त्यापेक्षा फिरत्या प्रकाशबिंदूची पद्धत धरा (उजेडाचा ठिपका माणसावर फिरवायचा आणि परतणारा उजेड फोटोसेलने टिपायचा), १९३२ ते ३५ मध्ये बीबीसीच्या ३० ओळींच्या स्टुडिओत होती तशी. तिथे फोटोसेल दिव्यासारखा वागतो: डावीकडच्या सेलचा सिग्नल वाढवला की चेहऱ्यावर उजेड डावीकडून आल्यासारखा दिसतो. दोन सेल, दोन चॅनेल, ताल आपोआप एक. पॉट फिरवलं की नाकाची सावली एका गालावरून दुसऱ्या गालावर जाते.