शिसवी धनुष्यावर डीवॅक्स्ड चपडा, वर्षभर वापरून मग लिहितेय

आधी स्टार देऊन टाकते, पाचपैकी साडेचार. अर्धा कुठे कापला ते खाली येईलच.

वस्तू म्हणजे डीवॅक्स्ड चपडा, मेण काढलेली लाख. पाव किलोचं पाकीट ऑनलाइन मागवलं होतं, साध्या चपड्यापेक्षा बरंच महाग पडलं. दिसायला अगदी चिक्कीचा चुरा. आईने ओट्यावरचा डबा उघडून "गूळ असा काय गं झालाय हा" विचारलं, तेव्हापासून डब्यावर मार्करने मोठ्ठं "खायचं नाही" लिहिलंय.

आता हे लागलं कशाला ते सांगते. मी साताऱ्यात राहते, धनुष्य लाकडाचंच चालवते आणि दोनतीन वर्षांपासून स्वतः बनवतेपण. (2023 मधे आदिती स्वामी आणि ओजस देवतळे दोघं बर्लिनला तिरंदाजीत वर्ल्ड चॅम्पियन झाले तेव्हापासून इथे रिक्षावाल्यालाही कंपाउंड, म्हणजे चाकांचं धनुष्य, माहितीये, त्यामुळे माझं धनुष्य बघून लोक विचारतात, ताई याला चाकं कुठेत.) तर आजोळच्या वाड्यातला चार खांबांचा शिसवी पलंग मोडीत निघाला, त्यातला एक खांब मामाने मला दिला आणि त्याच्या खालच्या चौकोनी भागातून मी रायझर काढला, म्हणजे मधला मुठीचा भाग. मधोमध मेपल लाकडाची पांढरी पट्टी, लिम्ब, म्हणजे धनुष्याचे वाकणारे हात, बनवताना उरलेली. कानस, पॉलिश पेपर, सगळं करून 320 नंबरपर्यंत घासला आणि काय रंग आला म्हणून सांगू, काळ्यात जांभळी झाक. मग त्यावर एका नावाजलेल्या कंपनीचं ऑइल बेस पॉलियुरेथेन वार्निश मारलं, वाइप ऑन वालं, म्हणजे कापडाने पुसून लावायचं, आणि तिथून रड सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी चिकट. चौथ्या दिवशी चिकट. दहाव्या दिवशी अंगठा टेकवला तर ठसा उमटला, तलाठी ऑफिसात उमटतो तसा, आणि त्यात मांजराचा एक केसपण अडकलेला. श्रावण चालू होता, आमचे सुतारकाका म्हणाले हवेत ओल आहे, थांबा. थांबले. काही फरक नाही. मग डबाच खराब निघाला असं धरून मी कंपनीच्या नावाने बोटं मोडत होते, एक स्टारचा रिव्ह्यू टाइपपण करून ठेवला होता, पण पाठवण्याआधी काय वाटलं कोण जाणे, त्याच डब्यातलं थोडं पाइनच्या तुकड्यावर मारून बघितलं. सकाळी खणखणीत वाळलेलं! म्हणजे डबा चांगला, हवाही ठीक, घोळ लाकडाचा.

कारण नंतर कळलं. ऑइल बेस वार्निश नुसतं थिनर उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन त्यातलं तेल जाळं धरतं आणि मग घट्ट होतं. शिसव, परदेशी कोकोबोलो अशी लाकडं सगळी एकाच घराण्यातली, आणि त्यांच्या तेलकट द्रव्यांमधे अशी काही रसायनं असतात की ती हे जाळं धरूच देत नाहीत. अँटिऑक्सिडंट म्हणून आपण जे कौतुकाने खातो त्याच जातीचं काम. लाकडाला कीड लागत नाही ती याच द्रव्यांमुळे, त्यामुळे तक्रार तरी काय करणार. पलंग किती जुना होता कोणालाच माहीत नाही, पण तेल आत होतंच.

मग सगळं खरवडलं. आणि प्लीज, शिसव घासताना मास्क लावा, त्याच्या धुळीने अंगावर पुरळ येतं, मी पहिल्या दिवशी हाफ बाह्यांत बसले होते आणि दोन दिवस कोपरापर्यंत खाजवत होते.

खरवडून झाल्यावर अॅसिटोन. पांढऱ्या सुती कापडाने पुसलं तर कापड कोकमाच्या आगळात बुडवल्यासारखं झालं, दुसरं तसंच, तिसरं जरा फिकट. आणि इथे माझी दुसरी चूक. मी आडवं पुसत गेले, शिसवावरून थेट मेपलवर, आणि ती पांढरी पट्टी गुलाबी होऊन बसली. ती परत पांढरी करायला अख्खी संध्याकाळ गेली. तर पुसायचं पट्टीच्या लांबीच्या दिशेने, मेपल आधी, स्वच्छ कापडाने, शिसव नंतर. अॅसिटोनने वरवरचंच तेल जातं, थोड्या वेळाने आतलं परत वर येतं, त्यामुळे पुसलं की चहाला उठायचं नाही, लगेच चपड्याचा पहिला हात मारायचा. आणि गॅस बंद, खिडक्या उघड्या, हे सांगायला नकोच.

आता चपडा. तो नुसता स्पिरिट उडून वाळतो, त्यामुळे शिसवाचं तेल त्याला आडवं येत नाही, म्हणून लाकूड आणि पॉलियुरेथेन (पुढे नुसतं पीयू म्हणते) यांच्यामधे त्याचा थर द्यायचा. मी 100 मिलि स्पिरिटला 12 ग्रॅम घेते, पातळच, काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवायचं आणि येता जाता हलवायचं. साध्या चपड्यात पाच टक्क्यांच्या आसपास मेण असतं, तो विरघळवून ठेवला की खाली पांढुरका गढूळ थर बसतो. हे पाकीट खरंच डीवॅक्स्ड आहे का ते मी असंच तपासलं, सकाळी बाटली खिडकीत धरली तर कोऱ्या चहासारखं नितळ, तळाला काही नाही. हे का महत्त्वाचं, तर मेणावर पीयू नीट धरत नाही, पुढे पापुद्रे निघतात. नुसता चपडा ठेवणार असाल तर साधाही चालतो, पण धनुष्याला नुसता चपडा पुरत नाही, दारू, सॅनिटायझर, गरम गाडीची डिकी, यातलं काहीही त्याला सोसत नाही.

स्पिरिट मात्र चांगलं घ्या. एका ठिकाणाहून आणलेल्यात पाणी असणार, कारण कोट पांढरा धुरकट झाला. भर पावसाच्या दिवशीही तसंच होतं. मेडिकलमधलं आयसोप्रोपिल वापरून बघितलं, त्यात विरघळायला फारच वेळ लागतो.

पहिला हात पॉलिशवाल्यांसारखी कापडाची पुरचुंडी करून, जवळजवळ कोरडी, एकदाच फिरवायची, परत परत घासायचं नाही, नाहीतर स्पिरिट शिसवाचा रंग सोडवतं आणि मेपलचं परत गुलाबी नाटक. एक हात वाळला की रंग आतच अडकतो, मग बिनधास्त. मी तीन हात दिले, अर्ध्या अर्ध्या तासाने, मधे हलकासा 320. दुसऱ्या दिवशी त्याच बदनाम डब्यातलं पॉलियुरेथेन.

सकाळी उठून चूळ भरायच्या आधी जाऊन हात लावला. वाळलेलं. अंगठा दाबला, ठसा नाही. तो टाइप केलेला एक स्टारचा रिव्ह्यू डिलीट केला, मनातल्या मनात कंपनीची माफीपण मागितली.

वर पीयूचे चार पातळ कोट झाले. लिम्बना मात्र चपड्याचा एकच पातळ हात दिला, तोही फक्त कडांना, कारण चपडा कडक असतो आणि लिम्ब दर बाणाला वाकतं, जाड थर दिला तर तडकायची भीती. सागाच्या तुकड्यावरपण करून बघितलं. तिथे नुसतं अॅसिटोन पुसून पीयू मारलं तरी दोन दिवसांत वाळलं, शिसवाइतका छळ नाही.

वर्ष झालं. एक अख्खा पावसाळा, मुठीला रोजचा घाम, रायझर अजून तसाच चकचकीत. अंगठीने एका जागी पीयू खरवडलं गेलं होतं आणि नेमका तिथेच सॅनिटायझरचा थेंब पडला, खालचा चपडा मऊ होऊन चिकट झाला. घाबरले होते, पण चपड्याचं बरं असतं, नवा थेंब जुन्यात विरघळून एकजीव होतो, ब्रशच्या टोकाने टेकवला, वाळल्यावर वर पीयू, झालं.

अर्धा स्टार कापला तो पाकिटावर तारीख नाही म्हणून. हा माल जुना झाला की विरघळायला कुरकुर करतो, आणि एप्रिलमधे माझा उरलेला अर्धा डब्यातच चिकटून एक ढेकूळ झाला, तो बत्त्याने फोडायला लागला. विक्रेत्याला दोनदा मेसेज केला, उत्तर नाही. आता राहिलेला फ्रीजमधे लोणच्याच्या बरणीमागे आहे, आईची परवानगी काढून. आणि बाटलीत कालवलेला सहा महिन्यांच्या वर वापरू नका, तो नंतर नीट कडक होत नाही, काचेवर एक थेंब टाकून दुसऱ्या दिवशी नखाने दाबून बघा, खड्डा पडला तर फेकून द्या. मी बाटलीवर आता तारीख लिहिते, पाकीटवाल्याने नाही लिहिली तरी.