ओढ्याचा काठ: गॅबियन की काँक्रीटची भिंत?

25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याने सीमाभिंती कशा पाडल्या, हे पुणे विसरलेलं नाही. काँक्रीटची भिंत नुसती जाड असून भागत नाही. पाया ओढा जिथवर तळ खरवडतो त्याच्याही खाली हवा आणि मागचं पाणी निघून जायला हवं. त्यासाठी दर दीड मीटरला 75 ते 100 मिमीची वीप होल, म्हणजे पाणी बाहेर पडायची भोकं, आणि मागे खडीचा थर. तिथे खडीऐवजी राडारोडा टाकला की भोकं बुजतात, आणि पूर ओसरताना मागे अडकलेलं पाणीच भिंत ओढ्यात ढकलतं.

गॅबियन म्हणजे तारेच्या जाळीच्या, दगडांनी भरलेल्या पेट्या. त्यांतून पाणी आपोआप झिरपतं, काठ थोडा खचला तरी पेट्या वाकून बसतात. मात्र 10×12 सेंमीच्या जाळीत 15 ते 25 सेंमीचा काळा दगड हाताने रचायचा. नुसता ओतला की पेटीचं पोट फुगतं. मागे जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड), पायथ्याशी दगडाची आडवी गादी हवीच. मैलापाण्यात तार लवकर गंजते, म्हणून पीव्हीसी लेपाची घ्या.

जागा असेल तिथे गॅबियनच. काठाला घरं टेकलेली असतील तर काँक्रीट. आणि काठालगतची ड्रेनेज लाइन आधी बदला. नंतर खोदलं तर नवा पायाच उघडा पडतो.