फेसबुकची फीड: गर्दी वाढली, ओळखीचं कोणी दिसेना

परीक्षण कशाचं आहे ते आधी स्पष्ट करू. फेसबुक हे आता पाच-सहा सेवांचं गाठोडं झालं आहे: ग्रुप, जुन्या वस्तूंची खरेदी-विक्री, रील, पेज, मेसेंजर. यातल्या काही अजून चांगल्या चालतात. इथे तपासली आहे ती फक्त ॲप उघडल्यावर समोर येणारी मुख्य फीड. सप्टेंबर २००६ मध्ये ती सुरू झाली तेव्हा तिचं काम एकच होतं, ओळखीच्या माणसांचं काय चाललंय ते एका जागी दाखवणं.

हे काम ती आता जेमतेम करते, आणि त्याचा पुरावा कंपनीच्याच आकड्यांत आहे. अमेरिकेतल्या मक्तेदारीच्या खटल्यात फेसबुकची मालक कंपनी मेटाने एप्रिल २०२५ मध्ये दाखवलं, की फेसबुकवर घालवलेल्या वेळातला मित्रांच्या पोस्ट पाहण्यात जाणारा वाटा दोन वर्षांत २२ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आला. इन्स्टाग्रामवर तो ११ वरून ७ झाला. गंमत अशी की हे आकडे कंपनीने बचावासाठी पुढे केले होते: आम्ही आता मित्रांचं जाळं राहिलेलो नाही, आमची स्पर्धा टिकटॉक आणि यूट्यूबशी आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. दुकानातला माल बदलल्याचं दुकानदारच शपथेवर सांगतोय. पाटी मात्र जुनीच आहे.

तुमच्या फीडची अवस्था काय आहे हे दहा मिनिटांत कळतं. कागदावर चार रकाने आखा: ओळखीच्या माणसाने स्वतः लिहिलेलं किंवा काढलेलं, ओळखीच्याने दुसऱ्याचं पुढे ढकललेलं, तुम्ही स्वतःहून धरलेली पेज आणि ग्रुप, आणि बाकी सगळं, म्हणजे सुचवलेलं आणि प्रायोजित. फीड उघडा आणि सलग ५० पोस्ट मोजा. नावाशेजारी ‘फॉलो’ किंवा ‘जॉइन’ दिसलं की ती पोस्ट तुम्ही मागितलेली नाही, ती चौथ्या रकान्यात. मोजताना कुठल्याही व्हिडिओवर रेंगाळू नका आणि मध्येच रिफ्रेश करू नका. दोन्हींमुळे पुढची रांग बदलते. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा, एकदा फोनवर आणि एकदा ब्राउझरमध्ये.

मग मेनूमधून ‘फीड्स’ आणि त्यात ‘फ्रेंड्स’ उघडा. जाहिराती सोडल्या तर इथे फक्त मित्रांच्या पोस्ट, नवीन आधी, अशा क्रमाने येतात. आता दोन्हींची तुलना करा. मुख्य फीडमध्ये पहिला रकाना रिकामा, पण फ्रेंड्समध्ये आजच्या दहा-पंधरा पोस्ट असतील, तर दोष मांडणीचा आहे आणि त्यावर थोडाफार इलाज चालतो. पण फ्रेंड्समध्येही चार-पाच पोस्टनंतर गेल्या आठवड्यातलं काही दिसू लागलं, तर सेटिंगमध्ये शोधाशोध करू नका. तुमच्या माणसांनी लिहिणं थांबवलं आहे.

ती का थांबतात, हा खरा प्रश्न. कोणतंही सामाजिक जाळं उतरणीला लागतं ते लोक खाती बंद करतात तेव्हा नव्हे. खातं बंद करण्याचे कष्ट फार थोडे घेतात. उतरण सुरू होते ती लिहिणारे वाचक झाले की, आणि हा बदल बाहेरून दिसत नाही, कारण ॲप तेवढ्याच वेळा उघडलं जातं. गप्प होण्याचं पहिलं कारण म्हणजे एकाच भिंतीसमोर सगळे जमणं: शाळेतला मित्र, साहेब, सासरची मंडळी, जुना घरमालक. ५० जणांसमोर सहज बोलणारा माणूस ८०० जणांच्या अशा मिश्र सभेत तोंड उघडत नाही. फार तर वाढदिवसाचा फोटो टाकतो. बोलणं बंद होत नाही, ते छोट्या बंद ग्रुपमध्ये आणि चोवीस तासांत पुसल्या जाणाऱ्या स्टोरीत जातं. दुसरं कारण पोच. पूर्वी ज्या पोस्टवर तीस जण बोलायचे तिथे आता चार अंगठे येतात, कारण उरलेल्यांना ती दाखवलीच गेली नाही. लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसतं. त्याला वाटतं, लोकांना आपल्यात रस उरला नाही.

मित्रांच्या पोस्ट आटल्या की फीडमध्ये भोकं पडतात आणि ती भरायला अनोळखी व्हिडिओ येतात. त्या सफाईदार व्हिडिओंमध्ये आपला अंधुक, तिरका फोटो आणखीच केविलवाणा दिसतो, मग तोही टाकला जात नाही. हे चक्र एकदा फिरू लागलं की कंपनीला ते उलटं फिरवण्यात फायदाही नसतो, कारण अनोळखी व्हिडिओंवर माणूस जास्त वेळ थांबतो आणि जाहिरातीची कमाई त्या वेळावरच ठरते.

गळती कशी पसरते याचा नमुना फ्रेंडस्टरने दिला. २००२ मध्ये उभं राहिलेलं हे जाळं आधी स्वतःच्याच वजनाखाली दबलं: तुमची आणि समोरच्याची ओळख किती टप्प्यांवरून आहे याचा हिशेब ते करत बसे, आणि माणसं वाढली तशी पानं उघडेनाशी झाली. पण लोक नेमके कसे पांगले, हे झुरिचच्या ईटीएच या विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये त्याच्या जतन केलेल्या माहितीवरून दाखवलं. समजा, किमान पाच ओळखीचे तिथे वावरत असतील तरच तुम्हाला तिथे थांबावंसं वाटतं. तुमचे नेमके पाचच आहेत. एक गेला, तुम्ही चारवर आलात आणि निघालात. तुमच्या जाण्याने ज्यांचे पाच होते त्यांचे चार झाले, तेही निघाले. एकूण संख्या लाखोंत असूनही असं जाळं उसवतं. ज्यांच्या ओळखी एकमेकांत घट्ट गुंतलेल्या असतात तो गाभा शेवटपर्यंत टिकतो. कडेची माणसं आधी सुटतात. म्हणून सभासद किती, यापेक्षा प्रत्येकामागे वावरणारे किती, हा आकडा महत्त्वाचा. तो कोणतीही कंपनी छापत नाही.

फेसबुकच्या आधी गाजलेल्या मायस्पेस या जाळ्याचं दुखणं वेगळं होतं. २००५ मध्ये न्यूज कॉर्प या माध्यम कंपनीने ते ५८ कोटी डॉलरला घेतलं, आणि पुढच्या वर्षी गूगलशी ९० कोटी डॉलरचा जाहिरात करार झाला. त्यात ठरावीक वर्दळ राखण्याची अट होती. अशी अट मानेवर असताना पानं हलकी करणं किंवा जाहिराती कमी करणं म्हणजे स्वतःच्याच पायावर धोंडा, म्हणून पानं जड आणि भडकच राहिली. २०११ मध्ये ते सुमारे साडेतीन कोटी डॉलरला विकलं गेलं. गूगलचं जाळं गूगल प्लस तर ओसरण्याआधी भरलंच नव्हतं: बंद करायची घोषणा करताना २०१८ मध्ये गूगलनेच सांगितलं, की तिथली ९० टक्के सत्रं पाच सेकंदांच्या आत संपतात.

डिग या, लोकांच्या मतांनी दुवे वर-खाली करणाऱ्या साइटची गोष्ट वाईट मांडणी किती महाग पडते म्हणून नेहमी सांगितली जाते, पण ती अर्धीच सांगतात. ऑगस्ट २०१० मध्ये चौथी आवृत्ती आली, नावडतं खाली ढकलण्याचं बटण गेलं, आणि प्रकाशकांना आपले दुवे आपोआप ओतण्याची सोय झाली. चिडलेल्या लोकांनी पहिलं पान रेडिट या तशाच दुसऱ्या साइटच्या दुव्यांनी भरून टाकलं आणि मग तिकडेच गेले. दोन वर्षांत डिगचं नाव आणि साइट सुमारे पाच लाख डॉलरला गेली. आता २०२३ पाहा. रेडिटने बाहेरच्या ॲपना लागणाऱ्या जोडणीचे चढे दर लावले, हजारो विभाग निषेध म्हणून बंद राहिले, रेडिट वाचायचं अपोलोसारखं लाडकं ॲप संपलं, आणि तरी रेडिट टिकलं. राग दोन्हीकडे होता. फरक एवढाच की डिगवाल्यांसाठी शेजारचं घर तयार होतं आणि रेडिटवाल्यांना तेवढ्या ताकदीचं दुसरं सापडलं नाही.

फेसबुकच्या बाबतीत भाकितं करणाऱ्यांनीही ठेच खाल्ली. जानेवारी २०१४ मध्ये प्रिन्स्टनच्या दोन संशोधकांनी साथीच्या रोगाचं गणित मायस्पेसवर बसवलं आणि २०१७ पर्यंत फेसबुकचे ८० टक्के लोक जातील असं मांडलं. त्यांचा आधार होता गूगलवर ते नाव किती शोधलं जातं, हा. फोनवर ॲप आल्यावर नाव शोधणार कोण? प्रत्यक्षात रोज येणाऱ्यांची संख्या पहिल्यांदा घटली ती २०२१ च्या शेवटच्या तिमाहीत, १९३ कोटींवरून १९२.९ कोटींवर. एवढ्याशा घटीसोबत कमाईचा अंदाजही नरम आला, आणि ३ फेब्रुवारी २०२२ रोजी मेटाचा शेअर एका दिवसात २६ टक्के आपटला. पुढे आकडा पुन्हा चढला. २०२३ च्या अखेरीस तो २११ कोटी होता, आणि त्यानंतर कंपनीने फेसबुकचा वेगळा आकडा देणंच थांबवलं. आता सगळ्या ॲपचा एकत्रित आकडा येतो. म्हणजे गर्दी वाढली, मित्रांच्या पोस्टचा वाटा मात्र घटला. मायस्पेससारखं हे ओस पडलं नाही. माणसं तिथेच आहेत, एकमेकांकडे पाठ करून बसलेली.

दोष मांडणीचा निघाला असेल तर एवढं करा. ज्यांचं खरंच वाचायचं आहे अशांना ‘फेव्हरिट्स’मध्ये घाला, ३० जागा मिळतात, पुरतात. सुचवलेल्या पोस्टच्या तीन टिंबांमध्ये त्या प्रकाराला ३० दिवस थांबवण्याचा पर्याय येतो. तो दाबा, पण महिन्याने पुन्हा दाबावा लागेल हे लक्षात ठेवा. कायमचं बंद करायचं बटण ठेवलेलंच नाही. नुसतं पुढे ढकलणाऱ्या मित्राला ‘अनफॉलो’ करा. मैत्री तशीच राहते आणि त्याला कळतही नाही. फ्रेंड्सची फीड चांगली आहे, पण ती घरात नेऊन अडगळीत ठेवल्यासारखी आहे: ॲप उघडलं की दर वेळी मुख्य फीडच समोर येते.

ग्रुपसाठी खातं ठेवायला हरकत नाही. एखाद्या जुन्या यंत्राचा सुटा भाग ओळखायचा असेल तर तिथे अजून तासाभरात उत्तर मिळतं. मुख्य फीडला मात्र पाचपैकी दीड. अर्धा गुण फेव्हरिट्सचा आहे.

राहायचं असो वा नसो, आपला माल आधी बाहेर काढून ठेवा. मायस्पेसवर २००३ ते २०१५ दरम्यान चढवलेली गाणी सर्व्हर हलवताना गेली, हे मार्च २०१९ मध्ये उघड झालं. पाच कोटींच्या आसपास गाणी. ऑर्कुटने निदान ३० जून २०१४ ला सांगून ३० सप्टेंबरला दार लावलं. फेसबुकवर सेटिंग्जमधल्या अकाउंट्स सेंटरमध्ये ‘तुमची माहिती’ या भागात प्रत मागवता येते. कालावधी ‘सर्व काळ’ करा आणि फोटोंचा दर्जा ‘उच्च’ करा. फाइलचा प्रकार विचारला की एचटीएमएल (ब्राउझरमध्ये पानासारखा उघडणारा) घ्या, जेसन (प्रोग्रामने वाचायचा) नको. जेसनमध्ये देवनागरीचा चुराडा होतो: एक अक्षर तीन बाइटांचं असतं, आणि प्रत बनवताना प्रत्येक बाइट सुटं चिन्ह म्हणून लिहिला जातो, म्हणून मराठी मजकुराजागी अगम्य चिन्हांची रांग उघडते. प्रोग्राम लिहून ती सरळ करता येते, पण तो खटाटोप कशाला? मोठं खातं असेल तर फाइल अनेक तुकड्यांत येते आणि दुवा थोडेच दिवस चालू राहतो. सगळे तुकडे उतरवून एकाच फोल्डरमध्ये उलगडा, नाहीतर पानं उघडतील आणि फोटोंच्या जागी रिकामे चौकोन दिसतील.

एक उणीव मोठी आहे. या प्रतीत तुमच्या पोस्ट येतात, तुम्ही इतरांना दिलेली उत्तरं येतात. तुमच्या पोस्टखाली इतरांनी लिहिलेलं येत नाही. ते हवं असेल तर ब्राउझरमध्ये ती पोस्ट उघडून, सगळ्या कमेंट एकेक उलगडून, पानाची पीडीएफ करावी लागते. दहा-पंधरा पोस्टपुरतं जमतं.