‘मुळावरचं’ म्हणून विकलेलं कलम

अठराशे रुपये, वय आठ वर्षं, स्वतःच्या मुळावरचं. नागपुरात कुरियरने आलेल्या ॲस्ट्रोफायटम ॲस्टेरियास या निवडुंगाच्या कुंडीसोबत विक्रेत्याची मोबाइलवर आलेली हमी एवढीच. सहा सेंटिमीटरचा चपटा गड्डा, आठ फाका, प्रत्येक फाकेवर मधोमध लोकरीच्या गोंड्यांची रांग, काटा एकही नाही. जात अस्सल होती. खोटेपणा वर पसरलेल्या पांढऱ्या खड्यांच्या खाली होता.

हे निवडुंग टेक्सासच्या दक्षिण टोकाचं आणि मेक्सिकोच्या तामाउलिपास भागातलं. साइट्स या दुर्मीळ जिवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात असल्याने रानातून उपटलेल्या रोपांचा देशोदेशींचा व्यापार करता येत नाही, आणि बियांपासून ते फार सावकाश वाढतं. पहिल्या वर्षी वाटाण्याएवढं झालं तरी चांगलं म्हणायचं. हाच गड्डा ड्रॅगन फ्रूटच्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळं असलेल्या दांडीवर, बांधला की कितीतरी लवकर फुगतो. मग खुंट आखूड कापायचा, कुंडीत गळ्यापर्यंत पुरायचा, वर खडे टाकायचे आणि वय वाढवून सांगायचं.

कलम करण्यात वावगं काही नाही, कलम सांगून विकावं. संत्र्याच्या गावाला खुंट म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. जंबेरी या लिंबाच्या खुंटावर डोळा बांधलेलं संत्र्याचं रोप लावताना जोड मातीच्या वर ठेवतात, नाहीतर डिंक्या रोग धरतो. इथे तोच जोड मुद्दाम ओल्या मातीत गाडलेला असतो.

नुकसान पहिल्या हिवाळ्यात कळतं. मुळावरच्या ॲस्टेरियासला नोव्हेंबर अखेरपासून फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ कोरडं ठेवायचं असतं. घेणारा तसंच करतो. पण खाली आहे ड्रॅगन फ्रूट, म्हणजे उष्ण, दमट जागेतली वेल. पाण्याविना ती सुकते आणि वरचा गड्डा पिचकतो. घाबरून पाणी घातलं की पारा दहाच्या खाली गेलेल्या रात्री खुंट कुजतो. म्हणजे सल्ला पाळला तरी रोप जातं, आणि विक्रेता म्हणतो, “तुम्ही पाणी जास्त घातलं.”

म्हणून पैसे देण्याआधी खडे बाजूला करून बुडाचा फोटो मागा. जुन्या अस्सल रोपाचं बूड तपकिरी, खरबरीत असतं आणि निमुळतं होत थेट मुळांत उतरतं. कलमात हिरवी तिधारी दांडी आणि जोडाची गोल खाच दिसते. फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर सौदा सोडा. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ खडे काढेपर्यंत सलग घ्या.

दुसरी फसवणूक कच्ची आहे: युफोर्बिया ओबेसा. तिलाही साधारण आठच फाका असतात, पण लोकरीचे गोंडे नसतात, कडांवर शिवणीसारख्या खुणा असतात. टाचणी टोचली की पांढरा चीक येतो, तो डोळ्यांत जाऊ देऊ नका. बियांचंही तसंच. ॲस्टेरियासचं बी गडद तपकिरी, चकचकीत, टोपीसारखं पोकळ, दोन-तीन मिलिमीटरचं. पुडीत राखेसारखं बारीक बी निघालं तर ते दुसरंच काही आहे.

खुंट कुजायला लागलाच तर गड्डा वाचू शकतो. जोडाच्या वर धारदार ब्लेडने आडवा काप घ्या. मधल्या कड्यात, म्हणजे पाणी वाहणाऱ्या नळ्यांच्या वर्तुळात, तपकिरी ठिपका दिसला तर आणखी पातळ चकती काढा, दर कापाला पातं स्पिरिटने पुसून. कड्याचा रंग स्वच्छ येईपर्यंत थांबू नका. मग सावलीत आठ-दहा दिवस वाळवा आणि कोरड्या भरड मिश्रणावर नुसता टेकवून ठेवा: कन्हान नदीची चाळलेली जाड वाळू आणि विटांचा चुरा मिळून तीन भाग, एक भाग चाळलेलं पानखत. काळी माती चिमूटभरही नको. हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये जमतं, मे अखेरच्या नवतप्याच्या कडक उन्हात काप वाळण्याआधी गड्डाच सुकतो. मुळं फुटायला महिना-दीड महिना लागतो. रोज उचलून पाहू नका, पाणी मुळं दिसल्यावरच.