गंगा की डॅन्यूब? जलमार्गावर मत देण्याआधी

गोव्यातल्या मांडवी, झुआरी आणि कुंभारजुवे कालवा 2016 च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग झाले. उद्या तुमच्या ग्रामसभेपुढे जेटीचा किंवा गाळउपशाचा विषय आला, तर नजीर म्हणून दोन नद्यांकडे बघता येईल.

पहिली आपली गंगा. तिथला जलमार्ग हल्दिया ते प्रयागराज, 1620 किलोमीटर. हल्दिया ते बिहारमधलं बाढ गाव 3 मीटर खोली राखायची, वाराणसीकडे ती 2.2 मीटरवर येते. गंगा दर पावसाळ्यात वाळू इकडची तिकडे करते, म्हणजे उपसा कायमचाच. आणि मेख तिथेच आहे. 2006 च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार ड्रेजिंगला, म्हणजे गाळउपशाला, पर्यावरण मंजुरी लागते, पण देखभालीच्या उपशाला सूट मिळू शकते. मग गंगेतला उपसा देखभालीचा की नवी खोदाई? हा वाद हरित लवादापर्यंत गेला. मार्गात सुलतानगंज ते कहलगाव हे डॉल्फिन अभयारण्यही येतं. जागतिक बँकेचं कर्ज होतं म्हणून पर्यावरणीय अभ्यास झाला खरा, पण ती अट सावकाराची, आपल्या कायद्याची नव्हे.

दुसरी जर्मनीच्या बव्हेरिया राज्यातली डॅन्यूब. श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन हा सुमारे 70 किलोमीटरचा पट्टा तिथे बंधाऱ्याशिवाय वाहतो. खोली वाढावी म्हणून जहाजवाल्यांना बंधारा हवा होता. युरोपीय कायद्यानुसार संरक्षित अधिवासाला धक्का लागणार असेल, तर दुसरा पर्याय नाही हे आधी सिद्ध करावं लागतं. म्हणून बंधाऱ्यासह आणि बंधाऱ्याविना, दोन्ही आराखडे शेजारी ठेवून तपासले गेले आणि 2013 मध्ये राज्य सरकारने बंधारा सोडून दिला. किंमत? वाद कित्येक वर्षं चालला, खोली कमी मिळाली आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की जहाजं अर्धवट भरून न्यावी लागतात.

माझा कौल डॅन्यूबच्या पद्धतीला, पण ती जशीच्या तशी उचलू नका. मांडवीत खनिजाचे बार्ज कित्येक दशकं फिरलेत, त्यामुळे ‘बार्ज नकोच’ हा पवित्रा टिकणार नाही. उलट भरती-ओहोटीमुळे किनारा नियमनाचे नियम आपल्याला लागू आहेत, ते गंगेला वाराणसीत नाहीत. त्याचा उपयोग करा. बार्जच्या लाटांनी खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीचा, बांध खचला तर दुरुस्ती कोण करणार, तिसऱ्या (खाण्याचे शिंपले) मिळतात त्या जागेवर उपसा होणार का, हे लेखी विचारा. उपसलेला गाळ कुठे टाकणार ते सर्व्हे नंबरसकट नकाशावर मागा. तो नकाशा येईपर्यंत ठराव तहकूब ठेवा.