सिंपलएनएलजी: आकड्यांवरून इंग्रजी रिपोर्ट काढत असाल तर आधी हे वापरून बघा

कॉम्प्युटरने लिहिलेला मजकूर म्हटलं की सगळे लगेच चॅटजीपीटीकडे धावतात, पण ज्यांना रोज आकड्यांवरून रिपोर्ट काढायचाय आणि त्यात एक आकडाही इकडचा तिकडे झालेला चालत नाही त्यांच्यासाठी सिंपलएनएलजी ही जुनी जावा लायब्ररी (म्हणजे जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत आपल्या प्रोग्रॅममधे जोडायचा तयार कोड) अजूनही एक नंबर आहे. स्कॉटलंडच्या अ‍ॅबर्डीन युनिव्हर्सिटीत एहुड रायटर यांच्या ग्रुपमधे बनली, त्यांचा आणि अल्बर्ट गॅट यांचा पेपर 2009 चा. फुकट आहे, ओपन सोर्स.

आम्ही द्राक्षबागांचं तापमान, पाऊस, आर्द्रता यावरून बाहेरच्या खरेदीदारांना इंग्रजीत छोटा रिपोर्ट पाठवतो, त्यासाठी वापरतोय. कर्ता द्या, क्रियापद द्या, कर्म द्या, वाक्य तयार. ट्युटोरियलमधलंच उदाहरण घ्या, मेरी, चेझ आणि मंकी दिलं की 'मेरी चेझेस द मंकी' येतं, काळ भूतकाळ केला की 'चेझ्ड', नकार ऑन केला की 'डझ नॉट चेझ', प्रश्न हवा तर 'डझ मेरी चेझ द मंकी', आणि हे सगळं एकेक ओळ बदलून. अनेकवचन, अ की अ‍ॅन, दोन कर्ते जोडले तर क्रियापद बदलणं, सगळं तीच बघते. आधी आम्ही साचे करून मधे आकडे भरायचो, तेव्हा एक दिवस पाऊस झाला तरी '1 डेज' छापून यायचं, ती कटकट संपली.

काय सांगायचं ते मात्र ती ठरवत नाही हं, ते तुम्हालाच लिहावं लागतं. नवीन माणसाला हे खटकतं पण मला हाच तिचा मोठा गुण वाटतो, कारण तुम्ही दिलं नाही ते वाक्यात येणारच नाही. याच ग्रुपच्या बेबीटॉक प्रोजेक्टमधे एडिंबराच्या नवजात बाळांच्या आयसीयूतल्या 45 मिनिटांच्या डेटावरून डॉक्टर-नर्ससाठी मजकूर बनवला होता, तिथे मनाचं एक वाक्य घातलेलं कसं चालेल? समुद्री हवामानाचे अंदाज मशीनकडून लिहून घ्यायचं त्यांचं कामही वाचण्यासारखं आहे, वेगवेगळे हवामानतज्ञ 'बाय इव्हनिंग' लिहायचे आणि कुणाच्या मनात संध्याकाळचे 6 असायचे तर कुणाच्या थेट रात्रीचे 12, मशीन एक शब्द एकाच अर्थाने वापरायचं आणि वाचणाऱ्यांना तेच जास्त आवडलं. आम्हीही तेव्हापासून 'संध्याकाळी' म्हणजे किती वाजता हे एकदा ठरवून टाकलं.

उणीव म्हणाल तर सोबतचा शब्दकोश छोटा आहे, शेतीतले शब्द आम्ही हाताने घातले. मोठा मेडिकल शब्दकोश जोडता येतो पण बाकीच्यांना त्याची गरज नाही.

आणि मराठी नाही. फ्रेंच, जर्मन, इटालियन, स्पॅनिश, चिनीसुद्धा झाल्यात लोकांच्या कष्टाने, मराठी नाही याचं खरंच वाईट वाटतं. इंग्रजीचे नियम आपल्याला लावून भागणारच नाही, मुलीने आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, केळं खाल्लं, इथे क्रियापद कर्त्याकडे बघतच नाही, कर्माकडे बघतं, आणि कर्माला 'ला' लागला की तेही सोडून देतं, मुलीने मुलाला मारलं, बहिणीला मारलं, दोन्हीकडे मारलंच. वर आंब्याला, केळ्याला, चिंचेला ही सामान्यरूपं वेगळीच. पण हे सगळं नियमात बसतं, म्हणजे करता येण्यासारखं आहे, आणि झालं तर हवामानाचा रिपोर्ट खरेदीदाराबरोबर बागायतदारालाही त्याच्या भाषेत जाईल. व्याकरण पक्कं असलेलं कुणी यात पडायला तयार असेल तर कमेंटमधे लिहा, जावाची बाजू मी बघतो.