जादूचा भाव ठरवणारं पुस्तक: ‘आर्स मॅजिका’, पाचवी आवृत्ती

काल्पनिक जगासाठी जादू रचायला बसलं की मंत्रांची यादी तासाभरात तयार होते. गाडी अडते ती भावापाशी. जखम भरायला किती खर्च यावा, ती करायला किती, आणि हा फरक कुठून येतो? या प्रश्नाला ‘आर्स मॅजिका’ या रोल-प्लेइंग गेमच्या (खेळाडू पात्रं वठवत गोष्ट पुढे नेतात असा खेळ) नियमपुस्तकाइतकं पक्कं उत्तर क्वचितच कुणी दिलं असेल. पहिली आवृत्ती १९८७ची, इथे विचारात घेतलेली पाचवी २००४ची. काळ इ.स. १२२०, स्थळ युरोप, फक्त तिथल्या दंतकथा खऱ्या आहेत. खेळ एकदाही खेळायचा नसला तरी जग रचणाऱ्याने यातली जादूची प्रकरणं वाचावीत.

पाया व्याकरणाचा आहे. पाच क्रियापदं आणि दहा नामं, दोन्ही लॅटिन. क्रेओ म्हणजे निर्माण करतो, इंटेलेगो म्हणजे जाणतो, मुटो म्हणजे पालटतो, पेर्डो म्हणजे नष्ट करतो, रेगो म्हणजे ताब्यात ठेवतो. नामांमध्ये पाणी, हवा, अग्नी, माती, वनस्पती, प्राणी, मानवी देह, मन, भास आणि खुद्द जादू. एक क्रियापद आणि एक नाम जोडलं की मंत्राची जात ठरते, म्हणून ‘क्रेओ इग्नेम’ म्हणजे सरळ ‘मी अग्नी निर्माण करतो’. अशा ५० जोड्या होतात. कापूस वनस्पतीत, लोकर प्राण्यात, म्हणून सुती सदरा आणि लोकरी घोंगडी जादूने पालटायला दोन वेगळी नामं लागतात. हे वर्गीकरण नीट बसलं की वाचक स्वतःच पुढचा अंदाज बांधू लागतो.

खरी करामत भावाच्या तक्त्यात आहे. प्रत्येक जोडीत मूळ परिणामाला एक पातळी दिलेली असते. मग पल्ला, मुदत आणि लक्ष्य यांची एकेक पायरी चढली की पाचाच्या वर दर पायरीला ५ वाढतात. चांगलंच भाजणारी आग मूळ १०. ती स्पर्शाने लावायची तर १ पायरी, म्हणजे १५. आवाज पोचेल तिथवर फेकायची तर २ पायऱ्या, म्हणजे २०. मुदत क्षणभराची, त्यामुळे तिथे काहीच वाढत नाही. आग क्षणात विझते, भाजलेलं मात्र राहतं.

आता साधी जखम बरी करणं बघा. मूळ १५, स्पर्शाची १ पायरी, एकूण २०. पातळी तीच. पण जादूने निर्माण केलेलं किंवा बरं केलेलं काहीही कायम टिकवायचं तर विधी करावा लागतो. विधीला दर ५ पातळ्यांमागे पाव तास आणि ‘व्हिस’ नावाच्या जादूई द्रव्याचा १ भाग लागतो. म्हणजे क्षणात दिलेल्या जखमेच्या भरपाईला पूर्ण १ तास आणि व्हिसचे ४ भाग. व्हिस वाचवायचं म्हणून सूर्यास्तापर्यंतच्या मुदतीचा मंत्र वापरला, तर मुदत संपताच जखम पुन्हा उघडते. या एका नियमातून जादूगार व्हिसच्या झऱ्यांसाठी का भांडतात, वाडे कुठे बांधतात, शेजाऱ्यांशी करार का करतात, हे सगळं आपोआप उगवतं. वेगळा इतिहास चिकटवावा लागत नाही.

तयार मंत्र आणि ऐनवेळची जादू यांतलं अंतरही असंच चोख. समजा, जादूगाराचे गुण क्रेओत १०, इग्नेममध्ये १०, स्टॅमिना (अंगातला दम) २ आणि जागेचं जादूई बळ ३. बेरीज २५. दहा बाजूंच्या फाशावर ६ पडले तर ३१. पाठ केलेला २० पातळीचा अग्निबाण सहज सुटतो. तोच ऐनवेळी रचायचा तर बेरजेची निम्मी धरायची, म्हणजे १५, आणि दमणूक पदरात. बाण सुटणार नाही, पण हात लावून जाळणं जमेल. न दमता करायचं तर फासा नाही आणि २५ भागिले ५, म्हणजे फक्त ५. तोंडात बोळा असेल तर बेरजेतून १० वजा, हात अजिबात हलवता येत नसतील तर ५. कैदेतल्या जादूगाराचा प्रसंग लिहायला यापेक्षा जास्त काय हवं!

उणिवाही ठळक आहेत. क्रियापदं आणि नामं यांतले गुण वाढले की फाशाचं महत्त्व फारसं उरत नाही, तयार मंत्र क्वचितच चुकतो आणि ताण मुख्यतः समोरच्याचं जादूविरोधी कवच भेदण्यात राहतो. वर्तुळ आखून त्याच्या आत टिकवलेल्या मंत्राला पल्ल्याव्यतिरिक्त २ पायऱ्याच लागतात, पण रेघ मोडेपर्यंत तो चालतो. इतक्या स्वस्तात जवळजवळ कायमचं संरक्षण मिळालं की गोष्टीतला धोका पातळ होतो. मूळ पातळ्याही सगळ्या जोड्यांत एका मापाच्या वाटत नाहीत. संशोधन ऋतूंच्या हिशेबाने, वर्षाला ४, चालतं. कल्पना सुंदर, वही सांभाळणं मात्र जिकिरीचं.

स्वतःचं जग रचताना यातली लॅटिन नावं नव्हे, सांगाडा उचलावा. पंचमहाभूतांपैकी चार इथे आहेतच, आकाश नाही. तिथूनच आपली वेगळी वाट निघू शकते. ५० जोड्यांच्या मागे लागू नये. ३ क्रियापदं आणि ४ नामं घेऊन १२ चौकोन करावेत. प्रत्येकात एक स्वस्त आणि एक महाग परिणाम लिहावा. मग तीनच गोष्टी विचाराव्यात: या भावात धान्य पिकवायची गरज उरते का, राजा म्हातारा होतो का, तटबंदीला अर्थ राहतो का. एकाचंही उत्तर गोष्टीच्या मुळावर येत असेल तर मंत्र काढू नका. टिकाऊपणाचा भाव वाढवा, बहुतेक वेळा गळती तिथेच असते.

या खेळाच्या नियमांचा मजकूर आता क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली खुला आहे. श्रेय द्यायचं आणि त्यातून बनवलेलं त्याच अटींवर खुलं ठेवायचं, एवढं पाळलं की नियमांचा मजकूर मराठीत आणून छापताही येईल.